पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर आणि त्यांचे गांधर्व महाविद्यालय

कुरुंदवाडचे कीर्तनकार दिगंबरबुवा यांच्या घरी १८ ऑगस्ट १८७२ रोजी विष्णूचा जन्म झाला. लहानपणी फटाक्याच्या दारूने डोळे भाजले, दृष्टी अधू झाली आणि शाळा संपली. आता या मुलाचे पुढे कसे व्हायचे? गाणे शिकवावे असे ठरले, आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्याची रवानगी झाली. बुवांनी ही गायकी ग्वाल्हेरीस राहून मिळवलेली. म्हणजे आपल्या ग्वाल्हेरकर मंडळींचे या कथेशी नाते आहेच.

मिरजेतील एका समारंभाचे बोलावणे शिष्याला आले, गुरूंना मात्र आले नाही, असे सांगतात. गवई म्हणजे सरदारांच्या पदरचा माणूस, ही समजूत विष्णुबुवांना फार लागली. १८९६ साली ते मिरजेहून निघाले. वाटेत बडोदे लागले. तेथे मौलाबक्षांनी १८८६ साली सुरू केलेली गायनशाळा होती, पण ती सयाजीरावांच्या आश्रयावर. बुवांना दरबार नको होता. तिकीट लावून कोणीही यावे व ऐकावे, असे जलसे त्यांनी केले.

५ मे १९०१ रोजी थेट लाहोरला, ओळखीचे फारसे कोणी नसताना, त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. लोकवर्गणी आणि जलशांचे उत्पन्न, एवढेच भांडवल. नऊ वर्षे राहण्याचा करार करणाऱ्या मुलांना जेवण-राहणे फुकट. हा उपदेशक वर्ग. स्वरलिपी बसवली, क्रमिक पुस्तके छापली. शिस्त कडक होती; आम्हांला तर ती जरा जाचकच वाटते! पण ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही मंडळी याच तालमीतली.

१९०८ साली विद्यालय मुंबईस आले. पुढे स्वतःची मोठी इमारत झाली, आणि तिनेच घात केला. कर्ज फिटेना, अखेर ती लिलावात गेली. राजाश्रय न घेण्याची ही किंमत बुवांनी मोजली. नंतरचा काळ बराचसा नाशिकला रामनामात गेला. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचे देहावसान झाले. मुलगा दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा. तोच पुढे डी. व्ही. पलुस्कर म्हणून गाजला.

त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आपली मुले ‘प्रवेशिका’, ‘मध्यमा’, ‘विशारद’ला बसतात ती याच मंडळाच्या परीक्षांना.