जगदीशचंद्र बोस आणि तुमचा अडकणारा व्हिडिओ

मुदखेडच्या बाजारपेठेत राहत असाल तर रात्री फोनमधली वायफायची यादी उघडून बघा. आजूबाजूच्या दुकानांची, घरांची नावं एकाखाली एक दिसतील. प्लॅन चांगला असूनही व्हिडिओवर ते गोल चक्र का फिरतं, याचं एक कारण ही गर्दी आहे. त्यातून सुटायची वाट ज्यांच्या कामापर्यंत मागे जाते, ते जगदीशचंद्र बोस.

जन्म १८५८ चा, आताच्या बांगलादेशातला. वडील सरकारी अधिकारी, तरी पोराला घातलं बंगाली शाळेत. पुढे केंब्रिजला शिकून १८८५ मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. तिथे भारतीयांना इंग्रजांपेक्षा कमी पगार. बोसांनी शिकवणं चालू ठेवलं, पण तीन वर्षं पगाराला हातच लावला नाही. शेवटी पूर्ण पगार मिळाला, तोही थकबाकीसकट.

प्रयोगाला खोली मिळाली ती अगदी लहान. लांब लहरींसाठी मोठी उपकरणं लागतात, ती तिथे मावणार कशी? मग बोसांनी लहरच लहान केली, पार ५ मिलिमीटरपर्यंत. म्हणजे आजच्या भाषेत ६० गिगाहर्ट्झ! १८९५ मध्ये कलकत्त्यात लोकांसमोर त्यांनी तारेशिवाय दूरची घंटा वाजवली, बंदुकीची दारू पेटवली.

घंटेला एक इशारा पुरतो. व्हिडिओला मात्र सतत डेटा लागतो. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न घुसणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. एकाच चॅनलवरचे राउटर आळीपाळीने बोलतात, बाकीचे थांबतात. ५ गिगाहर्ट्झवर लहर आखूड, चॅनल जास्त, पण भिंतीपलीकडे जोर कमी. म्हणून राउटरच्याच खोलीत बसा आणि ५ गिगाहर्ट्झवालं नाव निवडा. फोन जुना असेल आणि ते नाव दिसतच नसेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये तिघांपैकी कमी गर्दीचा चॅनल लावा. तेही जमत नसेल तर क्वालिटी ४८० करा, चक्र बहुतेक थांबेल.

पेटंट घेणं बोसांना पटत नसे. मित्रांच्या आग्रहामुळे लहरी ओळखणाऱ्या उपकरणाचं अमेरिकन पेटंट १९०४ मध्ये मिळालं, पण तोवर त्यांचं मन वनस्पतींकडे वळलं होतं. १९१७ मध्ये त्यांनी कलकत्त्यात स्वतःची संशोधन संस्था काढली. १९३७ मध्ये गिरिडीहला ते वारले. ६० गिगाहर्ट्झचं वायफाय बाजारात यायला त्यानंतर सत्तरहून जास्त वर्षं लागली, आणि तेही साधारण एका खोलीपुरतंच चालतं.