सरदार वल्लभभाई पटेल : बारडोलीच्या शेतकऱ्यांचे वकील

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला व्यापारी कायद्याच्या पहिल्याच प्रकरणात कायद्याची उगमस्थाने शिकावी लागतात. रूढी, विधिमंडळाचे अधिनियम, त्यांखाली केलेले नियम आणि न्यायालयांचे निर्णय ही ती उगमस्थाने होत. त्यामागोमाग कायद्याचा अर्थ कसा लावावा, हा भाग येतो. परीक्षेपुरते हे सारे पाठ होते; परंतु कायद्यातील एका शब्दाचा अर्थ कोण लावतो यावर हजारो कुटुंबांची भाकरी अवलंबून असते, हे पाठांतराने उमगत नाही. ते उमगावे म्हणून सरदार वल्लभभाई पटेलांच्या चरित्राकडे, विशेषतः त्यातील बारडोली पर्वाकडे वळले पाहिजे.

वल्लभभाईंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८७५ रोजी नडियाद येथे, करमसदच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. मॅट्रिक होण्यास त्यांना बाविसावे वर्ष उजाडले. पुढे उसनी पुस्तके आणून त्यांनी डिस्ट्रिक्ट प्लीडरची परीक्षा दिली आणि गोध्रा व बोरसद येथे फौजदारी वकिलीत नाव मिळविले. विलायतेस जाण्याची त्यांची सर्व तयारी झाली होती; पण वडीलबंधू विठ्ठलभाईंच्या नावाची आद्याक्षरेही तीच असल्याने त्या कागदपत्रांवर थोरल्या भावाला पुढे पाठवून ते स्वतः मागे राहिले. १९०९ साली एका खटल्यात उलटतपासणी चालू असता पत्नीच्या निधनाची तार हाती आली. ती वाचून त्यांनी खिशात ठेवली आणि अशिलाचे काम पुरे केले. १९१० साली ते लंडनच्या मिडल टेंपलमध्ये दाखल झाले. पुस्तके विकत घेण्याची ऐपत नव्हती म्हणून रोज दूरवर पायी जाऊन तेथील ग्रंथालयात बसत. १९१३ साली बॅरिस्टर होऊन ते अहमदाबादेस परतले.

१९१८ च्या खेडा सत्याग्रहात ते गांधीजींबरोबर उतरले. तेथील वाद आणेवारीचा होता. पीक चार आण्यांहून कमी आले तर त्या वर्षीची सारावसुली तहकूब करावी, असा सरकारचाच नियम होता. नियमाबद्दल दुमत नव्हते. पीक किती आण्यांचे धरावे एवढाच प्रश्न होता, आणि तो ठरविण्याचा अधिकार वसुली करणाऱ्यांच्याच हाती होता. हा धडा वल्लभभाई विसरले नाहीत. १९२० साली असहकारात त्यांनी चालती वकिली सोडली. पण सोडला तो व्यवसाय. वकिलाची दृष्टी कायमच राहिली.

तिची खरी कसोटी सुरत जिल्ह्यातील बारडोली तालुक्यात लागली. बारडोली त्या काळी बेळगाव-धारवाडप्रमाणेच मुंबई इलाख्यात मोडत असे आणि १८७९ चा मुंबई जमीन महसूल कायदा दोन्हीकडे सारखाच लागू होता. तालुक्याच्या फेरआकारणीत सेटलमेंट अधिकाऱ्याने सुमारे ३० टक्के सारावाढ सुचविली व सरकारने सुमारे २२ टक्के वाढ कायम केली. कायद्याच्या कलम १०७ प्रमाणे शेतजमिनीची फेरआकारणी करताना शेतीचा नफा विचारात घ्यावयाचा होता. अधिकाऱ्याने मात्र रेल्वे, रस्ते, वाढलेले भाव आणि एकूण उत्पन्नाची किंमत यांवर भर दिला. आता उत्पन्न म्हणजे नफा नव्हे, हे हिशेबशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको. बियाणे, बैल, मजुरी यांचा खर्च वजा केल्यावाचून नफा निघत नाही. वरिष्ठ अधिकाऱ्याने पुढे खंडाच्या आकड्यांचा आधार घेतला. पण ते आकडेही नीट तपासलेले नव्हते.

मग शेतकऱ्यांनी न्यायालयात का जाऊ नये? तो मार्ग बंद होता. सारा जास्त आकारला, अशी तक्रार दिवाणी न्यायालयाने ऐकू नये, अशी तरतूद १८७६ च्या कायद्याने करून ठेवली होती. सारावाढीचे नियमन विधिमंडळाच्या कायद्याने व्हावे, असा ठराव मुंबई विधान परिषदेने १९२४ साली केला होता. परंतु ठराव म्हणजे अधिनियम नव्हे, आणि सरकारने तो बाजूस ठेवला. अशा रीतीने कायदा होता, त्यातील शब्दही शेतकऱ्यांच्या बाजूचा होता. मात्र त्याचा अर्थ लावणारा तटस्थ पंच कोणी नव्हता.

१२ फेब्रुवारी १९२८ रोजी सत्याग्रहाचा ठराव झाला. वल्लभभाईंनी मागणी जाणूनबुजून लहान ठेवली : निःपक्ष चौकशी करा, अथवा जुनाच सारा घ्या. स्वराज्याचा प्रश्न त्यांनी त्यात मिसळू दिला नाही. म्हशी जप्त झाल्या, जमिनी खालसा करण्याच्या नोटिसा निघाल्या, दारात पठाण उभे राहिले. तरी गावे डगमगली नाहीत. बारडोलीच्या जनतेने त्यांना सरदार म्हटले ते याच लढ्यात. ऑगस्टमध्ये तडजोड होऊन चौकशी मान्य झाली.

चौकशीस न्याय खात्याचे ब्रूमफील्ड व महसूल खात्याचे मॅक्सवेल हे दोन अधिकारी नेमले गेले. १९२२ साली गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश हेच ब्रूमफील्ड होते. गावोगाव फिरून, कागद व साक्षी तपासून त्यांनी १९२९ साली अहवाल दिला. २२ टक्क्यांच्या जागी जेमतेम पावणेसहा टक्के वाढ त्यांना योग्य वाटली. कायदा तोच, जमीन तीच. केवळ अर्थ लावणारा बदलला आणि आकडा चौथाईवर आला.

पुढे गृहमंत्री म्हणून पाचशेहून अधिक संस्थाने भारतात विलीन करताना सरदारांनी सामीलनाम्याच्या कायदेशीर दस्तऐवजाचा उपयोग कसा केला, हे सर्वश्रुत आहे. घटना समितीच्या मूलभूत हक्कांविषयीच्या सल्लागार समितीचे ते अध्यक्ष होते. २६ जानेवारी १९५० रोजी घटना अमलात आली आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला मुंबईत त्यांचे निधन झाले. कायद्याच्या आधारावाचून कोणताही कर बसविता येणार नाही, असे घटनेचा अनुच्छेद २६५ सांगतो. महसुलाच्या बाबतीत उच्च न्यायालयांच्या मूळ अधिकारावर असलेला जुना निर्बंध अनुच्छेद २२५ ने दूर केला. बारडोलीच्या शेतकऱ्याला जे दार बंद होते, ते आज नागरिकाला उघडे आहे.

विद्यार्थिमित्रांनो, उद्या आपण कोणी हिशेबनीस होऊ, कोणी करसल्लागार, कोणी अधिकारी. कायद्यातील एखाद्या शब्दाचा अर्थ लावण्याचा प्रसंग आपल्यावरही येईल. त्या वेळी त्या शब्दापलीकडे कोणाचे तरी शेत आणि कोणाची तरी म्हैस उभी आहे, एवढे स्मरण राहिले, तरी सरदारांचे चरित्र वाचल्याचे सार्थक झाले असे म्हणता येईल.