कन्नड कथेचे शिल्पकार मास्ती

के. आर. पुरम (बंगळुरू) : येथून जुन्या मद्रास रस्त्याने पूर्वेकडे गेल्यास कोलार जिल्हा लागतो. याच जिल्ह्यात ६ जून १८९१ रोजी कथाकार मास्ती वेंकटेश अय्यंगार यांचा जन्म झाला. मातृभाषा तमिळ असूनही त्यांनी ‘श्रीनिवास’ या टोपणनावाने कन्नडमध्ये लेखन केले. निवेदकाने समोर बसून गोष्ट सांगावी, अशी त्यांची साधी शैली होती. म्हैसूर संस्थानच्या सेवेत मंत्रिपदाच्या दर्जाच्या बढतीसाठी डावलून कनिष्ठाची निवड झाल्याने १९४३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर लेखन आणि ‘जीवन’ मासिकाचे संपादन हेच त्यांचे कार्य ठरले. कोडगूच्या अखेरच्या राजावरील ‘चिक्कवीर राजेंद्र’ कादंबरीसाठी त्यांना १९८३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. राजीनाम्याला तेव्हा चाळीस वर्षे झाली होती. ६ जून १९८६ रोजी, पंच्याण्णवाव्या वाढदिवशीच, त्यांचे निधन झाले.