असईची लढाई आणि वेलस्लीची झोपमोड

आर्थर वेलस्ली (१७६९-१८५२) म्हणजे पुढे नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, वयाच्या ३४ व्या वर्षी, त्याने जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी लढाई जिंकली. पण त्याचे दीड हजारांहून अधिक सैनिक मारले गेले किंवा जखमी झाले. त्या रात्री तो जमिनीवरच झोपला. आपले सगळे मित्र गेले, या भावनेने त्याला वारंवार जाग येत होती. सकाळी प्रत्यक्ष पाहीपर्यंत ते जिवंत आहेत हे त्याला पटेना. १८१५ मध्ये वॉटर्लू जिंकल्यावर, डॉक्टरांनी मृतांची नावे वाचून दाखवताच तो रडला.

मोठ्या आघातानंतर झोप उडणे, दचकणे, तोच प्रसंग डोळ्यांसमोर येणे हा भित्रेपणा नव्हे. बहुतेकांना काही आठवड्यांत बरे वाटते. हा त्रास महिन्याहून अधिक टिकला किंवा रोजची कामे अडू लागली, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. समुपदेशन आणि औषधांनी फरक पडतो. जीव नकोसा वाटत असेल तर थांबू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.