भूशास्त्र घेऊन पुढे काय?

गेल्या जूनमध्ये लेकीने बीएस्सीला भूशास्त्रच घेणार म्हणून हट्ट धरला, तेव्हा मी आधी विचारलं ते नोकरीचं. खरं तर आपल्या भूगोलाच्या सरांची दगडांची पेटी मलाही फार आवडायची. पण मार्क चांगले पडले आणि मी इंजिनिअरिंगला गेले. लेकीने वाद घातला नाही. प्रमथनाथ बोस यांच्याबद्दल वाच, एवढंच सांगितलं.

बोस यांचा जन्म 1855 चा, बंगालमधल्या नदिया जिल्ह्यातला. शिष्यवृत्तीवर ते लंडनला शिकले आणि 1880 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात अधिकारी झाले. नर्मदेच्या खोऱ्यापासून छत्तीसगडपर्यंत त्यांनी पायपीट केली, दुर्ग भागातल्या लोहखनिजाची नोंद केली. 1903 मध्ये त्यांना डावलून दहा वर्षांनी कनिष्ठ असलेला इंग्रज अधिकारी प्रमुख झाला. बोसांनी नोकरी सोडली. तेव्हा ते 48 वर्षांचे होते.

इथे मी थांबले. मी 46 ची आहे आणि असाच एक राजीनामा दोनदा लिहून खोडला आहे.

पुढे ते मयूरभंज संस्थानात गेले. तिथे गोरुमहिसानीच्या डोंगरात त्यांना उत्तम लोहखनिज सापडलं. पण नुसत्या खनिजावर कारखाना चालत नाही. झरियाचा कोळसा जवळ आहे, हे त्यांनी ताडलं आणि 24 फेब्रुवारी 1904 रोजी जमशेटजी टाटांना पत्र लिहिलं. जमशेटजी त्याच वर्षी मे महिन्यात गेले. पण शोध मयूरभंजकडे वळला आणि साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, पोलादाचा कारखाना उभा राहिला. 1906 मध्ये कोलकात्यात बंगाल टेक्निकल इन्स्टिट्यूट निघालं, त्याचे पहिले प्राचार्यही बोसच. आजचं जादवपूर विद्यापीठ त्यातूनच वाढलं. 1934 मध्ये ते वारले.

पद गेलं, तरी नकाशा वाचणं, अपुऱ्या खुणांवरून जमिनीखालचं ओळखणं, समजेल असा अहवाल लिहिणं, हे सगळं त्यांच्याबरोबरच गेलं. आज पाणी, धरणं, बोगदे, खाणी, उपग्रहाचे नकाशे, सगळीकडे हीच कामं आहेत. आमच्या क्षेत्रातही अपुऱ्या माहितीवरून अंदाज बांधणारी माणसं सहज मिळत नाहीत.

लेकीच्या फॉर्मवर मी सही केली. माझ्या राजीनाम्याचं अजून ठरायचं आहे. सर, तुमची ती पेटी शाळेत असेल, तर मेळाव्याला तिलाही घेऊन येते.