मौलाना आझाद आणि भूगोलाचा अभ्यास



मौलाना अबुल कलाम आझाद हे नाव आपल्या घराघरांत आदराने घेतले जाते. ते स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री. ११ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस २००८ सालापासून राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात त्यांनी अडीच वर्षांहून अधिक काळ बंदिवास भोगला, हेही आपणांस ठाऊक आहे. परंतु या थोर पुरुषाला भूगोलाची किती ओढ होती, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून त्यांचे चरित्र आज आपण त्या बाजूने पाहू या.

आपल्याकडे भूगोल म्हणजे दहावीचा ४० गुणांचा पेपर, असाच समज आहे. गाईडमधील उत्तरे पाठ करायची, नकाशात चार ठिकाणे भरायची आणि परीक्षा संपली की पुस्तक रद्दीत घालायचे. गणित-विज्ञानासाठी शिकवणी लावणारे पालक भूगोलासाठी साधा नकाशासंग्रहही घेत नाहीत. मौलानांचे आयुष्य वाचल्यावर हा समज टिकत नाही.

मौलानांचा जन्म १८८८ साली मक्का शरीफ येथे झाला. वडील मौलाना खैरुद्दीन हे मोठे आलिम होते. आई अरब घराण्यातील, त्यामुळे अरबी ही त्यांची मातृभाषाच होती. ते लहान असतानाच कुटुंब कलकत्त्यास येऊन राहिले. वडिलांचा पाश्चात्त्य शिक्षणावर विश्वास नव्हता. त्यांनी मुलाला शाळेत न घालता घरीच तालीम दिली. दर्से-निजामी हा जुना अभ्यासक्रम मौलानांनी कोवळ्या वयात पुरा केला आणि सोळाव्या वर्षाच्या सुमारास ते स्वतःच विद्यार्थ्यांना शिकवू लागले. त्या अभ्यासक्रमात अरबी व्याकरण होते, तर्कशास्त्र होते, गणितही होते. पण आजच्या अर्थाने भूगोल हा स्वतंत्र विषय नव्हता.

पुढे सर सय्यद अहमद खान यांचे लेखन त्यांच्या वाचनात आले आणि आधुनिक ज्ञानावाचून आपले शिक्षण अपुरे आहे, हे त्यांना कळून चुकले. मग त्यांनी इंग्रजी मुळाक्षरांपासून सुरुवात केली. बायबलची इंग्रजी, फारसी आणि उर्दू भाषांतरे शेजारी शेजारी ठेवून ते वाचत. नंतर शब्दकोश जवळ घेऊन इंग्रजी वर्तमानपत्रे वाचू लागले. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या तरुणाने जगाची दारे अशी आपल्या हातांनी उघडली.

१९०८ साली ते इराक, सीरिया, इजिप्त, तुर्कस्तान आणि फ्रान्स या देशांत फिरून आले. जे देश पुस्तकात वाचले होते ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले, तेथील विचारवंतांशी चर्चा केली. १९१२ साली कलकत्त्याहून त्यांनी ‘अल-हिलाल’ हे साप्ताहिक काढले. त्या वेळी त्रिपोली आणि बाल्कन येथे युद्धे चालू होती. त्या दूरच्या प्रदेशांची माहिती ‘अल-हिलाल’मधून छायाचित्रांसह उर्दू वाचकांच्या घरी पोहोचू लागली. सरकारला त्यांचे लेखन खुपू लागले. १९१६ साली त्यांना बंगालबाहेर घालवण्यात आले. रांची येथे १९१९ अखेरपर्यंत ते नजरकैदेत होते. तेथेही ते स्वस्थ बसले नाहीत; १९१७ साली त्यांनी तेथे मदरसा सुरू केला.

मौलाना कुराण शरीफचे भाष्यकार म्हणून प्रसिद्ध आहेत. ‘तर्जुमानुल कुरआन’मध्ये सूरह कहफमधील जुल्करनैन कोण, या जुन्या प्रश्नाचा त्यांनी शोध घेतला आहे. जुल्करनैन म्हणजे इराणचा बादशहा सायरस, असे त्यांनी प्रतिपादन केले. त्यासाठी त्यांनी इतिहासाबरोबर भूगोलाचा आधार घेतला. पश्चिमेची मोहीम आशिया मायनरच्या किनाऱ्यापर्यंत, पूर्वेची मकरान व बल्खच्या दिशेने आणि तिसरी उत्तरेस कॉकेशस पर्वताकडे, असा माग त्यांनी काढला. ती प्रसिद्ध भिंत त्यांच्या मते काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्यामधील दारियल खिंडीत होती. हे मत सर्वांनाच मान्य आहे असे नाही. परंतु नकाशा समोर ठेवल्यावाचून हा प्रश्न सुटणार नाही, ही त्यांची रीत शिकण्यासारखी आहे.

आता आपल्या नगरकडे वळू या. ९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत मौलानांना अटक झाली. त्या वेळी ते काँग्रेसचे अध्यक्ष होते. पंडित नेहरू, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, डॉ. सय्यद महमूद आदी नेत्यांसह त्यांना रेल्वेने नगरला आणून किल्ल्यात ठेवण्यात आले. येथेच ९ एप्रिल १९४३ रोजी त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात निवर्तल्याची बातमी त्यांना मिळाली. पत्नी आजारी असतानाही त्यांनी सरकारकडे सवलत मागितली नव्हती. अशा दुःखात त्यांनी किल्ल्यात जी पत्रे लिहिली, ती ‘गुबारे खातिर’ या नावाने १९४६ साली प्रसिद्ध झाली.

या पत्रांत निजामशाहीच्या काळापासूनचा नगरचा इतिहास आहे, चांदबीबी आहे, कोठडीतील चिमण्या आहेत आणि अंगणात फुलवलेली बागही आहे. चहावरच्या पत्रात चीनमधील हे पेय रशिया, तुर्कस्तान आणि इराणपर्यंत कसे पोहोचले, याचे विवेचन आहे. चार भिंतींत कोंडलेला माणूस चहाच्या एका प्याल्यावरून अर्धे जग फिरून येत होता. विद्यार्थ्यांनो, भूगोल याहून वेगळा काय असतो?

मौलानांनी अल-बिरूनी आणि जगाचा भूगोल या विषयावर स्वतंत्र निबंधही लिहिला. अल-बिरूनी हा हजार वर्षांपूर्वीचा महान शास्त्रज्ञ. आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबातील नंदना किल्ल्याजवळ त्याने आधी डोंगराची उंची मोजली. मग माथ्यावर चढून क्षितिज किती खाली झुकलेले दिसते, तो कोन घेतला. एवढ्यावरून त्याने पृथ्वीची त्रिज्या काढली आणि ती खऱ्या मापाच्या जवळ आली. गंगेच्या मैदानात डोंगराजवळ मोठे दगड, पुढे लहान आणि समुद्राकडे बारीक वाळू पाहून, हे मैदान नद्यांच्या गाळाने भरून आले असावे, असे त्याने लिहिले. गझनीहून किब्ल्याची दिशा अचूक काढण्यासाठी त्याने ग्रंथ रचला. नमाजाच्या गरजेतून आपल्या पूर्वजांनी अक्षांश-रेखांशांचे शास्त्र वाढवले, हे आपल्या मुलांना कोण सांगणार?

१९४७ ते २२ फेब्रुवारी १९५८ रोजी इंतकाल होईपर्यंत शिक्षण खाते मौलानांकडे होते. त्यांच्याच काळात विद्यापीठ अनुदान आयोग स्थापन झाला. माध्यमिक शिक्षणासाठी १९५२ साली नेमलेल्या मुदलियार आयोगाने इतिहास, भूगोल व नागरिकशास्त्र यांचा समावेश असलेला समाजशास्त्र हा विषय सर्व विद्यार्थ्यांना असावा, अशी शिफारस केली. १९५६ साली कलकत्त्यात प्रा. शिबाप्रसाद चटर्जी यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय अ‍ॅटलास संस्था सुरू झाली. देशाचा राष्ट्रीय नकाशासंग्रह तिने प्रथम हिंदीत १९५७ साली काढला. ज्यांना लहानपणी भूगोल शिकवला गेला नाही, त्यांच्या कारकिर्दीत देशाला स्वतःचा नकाशासंग्रह मिळाला.

पालकहो, मौलानांच्या वडिलांची इच्छा चांगलीच होती, पण नव्या विद्येचा रस्ता मुलाला एकट्याने शोधावा लागला. आपल्या मुला-मुलींवर ती वेळ का यावी? घरात एक नकाशासंग्रह आणि शक्य झाल्यास पृथ्वीगोल ठेवा. मुलींनाही सहलीला पाठवा. आपला जिल्हा म्हणजे भूगोलाची उघडी शाळा आहे. अकोल्याच्या डोंगरात १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर आहे, तेथे मुसळधार पाऊस पडतो. इकडे पाथर्डी-कर्जत पर्जन्यछायेत तहानलेले राहतात. असे का, हा प्रश्न मुलांना पडू द्या.

आणि विद्यार्थी मित्रांनो, भंडारदऱ्याकडचे प्रवरेचे पात्र आणि नेवाशाजवळील प्रवरासंगम ही दोन्ही ठिकाणे पाहून या. कोठे दगड आहेत आणि कोठे गाळ, ते बिरूनीप्रमाणे तपासा. नगरहून किब्ला पश्चिमेस, पण किंचित उत्तरेकडे का येतो, ते पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहा. मक्का आपल्या पश्चिमेस सुमारे ३५ रेखांश आहे. एका रेखांशास ४ मिनिटे धरून तेथे सूर्य आपल्यापेक्षा किती उशिरा उगवेल, याचा हिशेब करा. उत्तर वहीत लिहा आणि आपल्या शिक्षकांना दाखवा.