पंडिता रमाबाई : पापाच्या जाणिवेचा प्रवास

पंडिता रमाबाईंच्या चरित्राची मांडणी करताना २९ सप्टेंबर १८८३ हा दिवस मध्यबिंदू मानण्याची प्रथा आपल्याकडे रूढ झाली आहे. त्या दिवशी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि समर्थक व टीकाकार या दोघांनीही त्यांच्या पुढील आयुष्याचा अर्थ त्या एका घटनेवरून लावला. स्वतः रमाबाईंनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात मात्र वेगळा क्रम आढळतो. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला तो सुमारे आठ वर्षांनंतर, असे त्यांचे सांगणे आहे. या दोहोंमधील अंतर पापाच्या जाणिवेचे आहे. त्या अंतराकडे दुर्लक्ष केल्यास केडगावच्या रमाबाई आकळत नाहीत, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराणकथन करीत कुटुंबासह तीर्थाटन करणारे पंडित होते. पाप हे व्रत, दान, स्नान यांनी धुऊन निघते, ही या घरातील श्रद्धा होती आणि ती निर्वाहाच्या सोयीपुरती नव्हती. होते नव्हते ते द्रव्य दानधर्मात गेले आणि दुष्काळात आई, वडील व थोरली बहीण एकापाठोपाठ गेली. पुढे कलकत्त्यास धर्मशास्त्राचे ग्रंथ स्वतः वाचू लागल्यावर रमाबाईंच्या ध्यानी आले की, अन्य बाबतींत परस्परविरुद्ध बोलणारे हे ग्रंथ स्त्रीविषयी एकमत आहेत. स्त्री ही स्वभावतःच पापिष्ठ असून स्त्रीजन्मात तिला मोक्ष नाही! पाप येथे कृत्यात नाही, जन्मातच आहे. ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविलेल्या स्त्रीने हे वाचले, ही गोष्ट विसरता येत नाही.

१८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी यांचे निधन झाले. त्यानंतर पुण्यातील आर्य महिला समाज, ‘स्त्रीधर्मनीति’ हा ग्रंथ आणि १८८३ मधील इंग्लंडचा प्रवास हा सर्व भाग सुपरिचित आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची घटना त्यानंतरची, लंडनजवळील फुलहॅम येथील. वाँटेजच्या भगिनीसंघाने तेथे ‘पतित’ म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी आश्रयगृह चालविले होते. ज्या स्त्रियांना आपल्या शास्त्रांनी कठोर दंडाखेरीज काही दिले नाही, त्यांची येथे ममतेने शुश्रूषा होते, हे रमाबाईंनी पाहिले. याचे कारण त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखविली. रमाबाई ख्रिस्ताकडे वळल्या त्या सिद्धांतांच्या वादातून नव्हे, या दृश्यातून, हे लक्षणीय आहे. तरीही येथे पाप होते ते इतर स्त्रियांचे. रमाबाई पाहणाऱ्या होत्या.

बाप्तिस्म्यानंतर पापाचा प्रश्न निराळ्याच रूपाने पुढे आला. त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचे देवत्व, चर्चचा अधिकार यांविषयी त्या प्रश्न विचारीत राहिल्या. शाकाहार त्यांनी सोडला नाही. क्रूसावरील लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत अक्षरे का नसावीत, असेही विचारले. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना यात अहंकाराचे पाप दिसले. रमाबाईंनी हा आरोप मानला नाही. ईश्वराने दिलेली सदसद्विवेकबुद्धी धर्मगुरूंच्या स्वाधीन करणे त्यांना मान्य नव्हते. १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झालेल्या पत्रव्यवहारात हा वाद विस्ताराने वाचावयास मिळतो. आधी शास्त्रकारांनी, मग भगिनीसंघाने त्यांना पापी ठरविले. दोन्ही वेळा पापाचा निवाडा दुसऱ्याच्या हाती होता आणि दोन्ही वेळा त्यांनी तो नाकारला. सिस्टर जेराल्डीन सर्वस्वी चुकल्या होत्या असे मात्र म्हणवत नाही. रमाबाईंच्या स्वभावात ताठरपणा होता, आणि त्याची कबुली पुढे त्यांनीच निराळ्या मार्गाने दिली.

ही कबुली १८९१च्या सुमाराची. शारदा सदन मुंबईहून पुण्यास आलेले होते, कीर्ती स्थिर झालेली होती. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. अनेक वर्षे धर्मोपदेश केल्यानंतर, स्वतःच प्रवचन देत असताना या गृहस्थाचे मनःपरिवर्तन झाले होते. त्यावरून रमाबाईंना आपली स्थिती उमगली : धर्म बुद्धीला पटला होता, पण आपण स्वतः पापी आहोत आणि आपल्या प्रयत्नाने त्यातून सुटू शकत नाही, हे मनाने कधी मानले नव्हते. या वेळी दोषारोप करणारा कोणी नव्हता, म्हणूनच तो टाळता आला नाही.

यानंतरचा मोह वासनेचा नव्हता, प्रतिष्ठेचा होता. श्रद्धा खाजगी ठेवली असती तर रानडे, भांडारकर यांचा पाठिंबा टिकला असता. रमाबाईंनी कोणावर धर्म लादला नाही, पण प्रार्थनेच्या खोलीचे दारही लावून घेतले नाही. १८९३ साली सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले, पालकांनी मुली नेल्या. पालकांच्या विश्वासाचा प्रश्न खरा होता, त्यांना संकुचित म्हणून मोडीत काढणे न्याय्य होणार नाही.

वऱ्हाडातील अभ्यासकाला येथे अकोल्याचे स्मरण व्हावे. अकोल्यास मिशनकार्य केलेल्या जेनी फुलर यांच्या भारतीय स्त्रियांवरील अन्यायाविषयीच्या १९००च्या इंग्रजी ग्रंथास रमाबाईंची प्रस्तावना आहे. फुलरबाईंचे चरित्र लिहिणाऱ्या हेलन डायर यांनीच रमाबाईंचेही चरित्र लिहिले. पहिल्या ग्रंथाच्या शीर्षकात अकोल्याचे नाव मुंबईच्या आधी येते. फुलरबाईंच्या ग्रंथात स्त्री अन्यायग्रस्त आहे. मग त्याच अन्यायग्रस्त स्त्रियांनी केडगावच्या मुक्ति सदनात पापकबुली का द्यावी? जून १९०५च्या अखेरीस तेथे जे आध्यात्मिक जागरण झाले, त्यात दुष्काळातून वाचविलेल्या मुली रडून आपली पापे सांगत होत्या. आजच्या स्त्रीवादी वाचकाला हे खटकते. रमाबाईंच्या छत्राखाली दीड हजारांहून अधिक जीव होते आणि एवढ्या सत्तेपुढे दिलेली कबुली कितपत स्वतंत्र, हा प्रश्न टाळता येणार नाही.

परंतु याच केडगावात ‘पतित’ स्त्रियांसाठी कृपासदन होते. फुलहॅमला रमाबाई पाहणाऱ्या होत्या. येथे त्यांनी स्वतःस त्याच ओळीत बसविले होते. संस्थाचालिका, बालविधवा, दुष्काळातील अनाथ मुलगी, फसविली गेलेली स्त्री या सर्वच पापी असतील, तर ‘पतिता’ ही वेगळी जात उरत नाही. धर्मशास्त्राने स्त्रीजन्मावर मारलेला शिक्का त्यांनी मानवजातीवर पसरविला आणि त्यामुळेच त्याची धार बोथट झाली. लीनतेची भाषा हे येथे समतेचे साधन झाले आहे.

अखेरच्या वर्षांत त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांच्या आधारे संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. संस्कृतप्रचुर शब्द त्यांनी जाणूनबुजून टाळले, कारण ते केडगावच्या स्त्रियांना वाचता यावयाचे होते. वाङ्मयीन कसोटीवर हे भाषांतर अनेक ठिकाणी ओबडधोबड वाटते, हे मान्य करावे लागते. ज्या संस्कृतने ‘पंडिता’ ही पदवी मिळवून दिली होती, तीच त्यांनी येथे बाजूस ठेवली. जुलै १९२१ मध्ये कन्या मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. शेवटची मुद्रिते त्यांनी त्याआधी तपासून संपविली होती, असे मुक्ति मिशनच्या परंपरेत सांगितले जाते. ग्रंथ १९२४ साली मिशनच्याच छापखान्यातून बाहेर पडला. खिळे जुळविणाऱ्यांत त्या सदनातील स्त्रियाच होत्या.